ग्रेटफुल डेड आणि बे एरियातील जॅम बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, बर्कली आणि खाडीपलीकडची मरिन काउंटी या सगळ्या टापूला इथे बे एरिया म्हणतात. इथे स्थायिक झालेले किंवा मुलांकडे काही महिने राहायला आलेले मराठी रसिक मला ग्रेटफुल डेड या इथल्या रॉक बँडविषयी आणि त्याच्याभोवती साठ वर्षे टिकून राहिलेल्या संगीताविषयी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या कानांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल अशी माझी खात्री आहे, म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर लिहीत आहे.

जॅम बँड नेमके कशाला म्हणतात?

ध्वनिमुद्रिकेवर गाणे जसे आहे तसेच मंचावर वाजवणे हे ज्या बँडचे उद्दिष्ट नसते, आणि गाण्याचा साचा हाताशी ठेवून त्यातल्या मोकळ्या जागेत सर्वांनी मिळून त्या क्षणी सुचेल ते वाजवत जाणे हेच ज्याचे मुख्य काम असते, त्याला जॅम बँड म्हणतात. चार मिनिटांचे गाणे अशा कार्यक्रमात वीस मिनिटे चालू शकते, आणि तेच गाणे पुढच्या आठवड्यात ओळखू येणार नाही इतके वेगळे वाजू शकते. बंदिश आणि बढत हे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. आपल्या मैफलीत मुख्य कलाकार ठरलेला असतो आणि साथीदार त्याच्या अंदाजाने जातात. ग्रेटफुल डेडमध्ये दोन गिटारवादक, बास वाजवणारा, की-बोर्डवरचा वादक आणि दोन ड्रमर यांपैकी कोणीही वाटेत वळण देऊ शकतो आणि ते वळण इतरांना ऐकू आले तरच पुढे जाते. त्यामुळे या संगीतात बोटांच्या तयारीइतकीच, किंबहुना तिच्याहून थोडी अधिक, कानाची तयारी लागते. ग्रेटफुल डेडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत २,३०० हून अधिक कार्यक्रम केले.

हे वादक एकत्र कसे आले?

वाद्यांच्या एका दुकानामुळे. पालो आल्टो गावात डेना मॉर्गन यांचे वाद्यांचे दुकान होते आणि पुढे या बँडचे मुख्य गिटारवादक झालेले जेरी गार्सिया तेथे बँजो व गिटार शिकवत असत. १९६३ सालच्या ३१ डिसेंबरला बँडचा पुढचा दुसरा गिटारवादक, सोळा वर्षांचा बॉब वीअर, मित्राबरोबर दुकानामागच्या गल्लीतून जात असताना आतून बँजो ऐकू आला. आज वर्षाचा शेवटचा दिवस आहे आणि शिकवणीला कोणी येणार नाही, हे गार्सिया यांच्या लक्षातच नव्हते. ते विद्यार्थ्यांची वाट पाहत वाजवत बसले होते. त्या रात्री दोघांनी दुकानातली वाद्ये काढून वाजवली आणि त्यातून आधी एक जग बँड, म्हणजे रिकामा जग, धुणे घासायची पत्र्याची फळी असल्या घरगुती वस्तूंनिशी जुनी गाणी वाजवणारा गट, उभा राहिला.

पुढे त्याला विजेच्या वाद्यांची जोड मिळाली आणि वॉरलॉक्स या नावाने मे १९६५ मध्ये मेन्लो पार्कच्या एका पिझ्झाच्या दुकानात त्यांचे कार्यक्रम सुरू झाले. बिल क्रॉइट्झमन ड्रम वाजवत. पिगपेन या नावाने ओळखले जाणारे रॉन मॅककर्नन ऑर्गन व माउथ ऑर्गन वाजवत आणि ब्लूज गात. थोड्याच दिवसांत फिल लेश आले. लेश यांनी लहानपणापासून व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवले होते, ओकलंडच्या मिल्स कॉलेजात इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांच्याकडे आधुनिक रचनाशास्त्र शिकले होते, परंतु बास गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. गार्सिया यांनी त्यांना थेट बासवादक म्हणून घेतले. या बँडचा बास ठेक्याच्या खुंटीला बांधल्यासारखा न वाजता स्वतःची चाल घेऊन का फिरतो, याचे उत्तर मला तरी या कहाणीतच सापडते: बास कसा वाजवायचा असतो हे लेश यांना कोणी शिकवलेलेच नव्हते.

ग्रेटफुल डेड हे नाव कोठून आले?

वॉरलॉक्स नावाचा दुसरा बँड असल्याचे कळल्यावर नवे नाव शोधताना गार्सिया यांनी शब्दकोश उघडला आणि हे दोन शब्द समोर आले. तो लोककथांतील एक प्रकार आहे. एक वाटसरू कर्जापायी बेवारस पडलेल्या प्रेताच्या अंत्यसंस्काराचा खर्च करतो आणि पुढे त्या मृताचा आत्मा कृतज्ञतेने त्याच्या मदतीला येतो.

हे संगीत याच परिसरात का रुजले?

१९६० च्या दशकातील हिप्पी तरुणांच्या चळवळीला सगळे श्रेय देण्याची पद्धत आहे. ती कारणे खरीच आहेत, पण मी जागांना अधिक महत्त्व देतो. सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या नृत्यवाद्यवृंदांच्या काळातले मोठे लाकडी जमिनीचे नाचघर एकाहून अधिक होते आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते भाड्याने मिळत असत. बिल ग्रॅहम यांनी फिलमोर ऑडिटोरियम चालवले, चेट हेल्म्स यांनी ॲव्हलॉन बॉलरूम चालवले, आणि मॅट्रिक्स नावाचा छोटा क्लब जेफरसन एअरप्लेन या इथल्याच दुसऱ्या बँडच्या मार्टी बालिन यांनी १९६५ मध्ये सुरू करवला. या सभागृहांत खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. लोक नाचायला येत आणि नाचणाऱ्याला गाणे लवकर संपावे असे कधीच वाटत नाही. वाढवत नेण्याची मोकळीक वादकांना श्रोत्यांच्या पायांनी दिली असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

शिवाय ग्रॅहम यांना एकाच रात्री वेगवेगळ्या घराण्यांचे संगीत मांडण्याची हौस होती. एप्रिल १९७० मध्ये त्यांच्याच फिलमोर वेस्ट या सभागृहात ग्रेटफुल डेडच्या आधी चार रात्री माइल्स डेव्हिस यांचा जॅझ संच वाजला. ज्या तरुण श्रोत्यांनी जॅझच्या कार्यक्रमाचे तिकीट कधी काढले नसते, त्यांनी तो कान देऊन ऐकला. हेट-ॲशबरी भागात, ७१० ॲशबरी स्ट्रीट या घरात, बँडचे सदस्य १९६६ ते १९६८ या काळात राहत असत आणि जवळच्या उद्यानाच्या पट्ट्यात ट्रकवर वाद्ये मांडून विनामूल्य वाजवत. १९६८ नंतर गर्दीला कंटाळून बहुतेक जण गोल्डन गेट पुलापलीकडे मरिन काउंटीत गेले. सॅन राफेल, नोव्हॅटो, मिल व्हॅली ही गावे या संगीताच्या नकाशावर आली ती तेव्हापासून.

भारतीय संगीताशी यांचा खरोखर संबंध आहे का, की तो त्या काळचा शौक होता?

संबंध खरा आहे, तालाचा आहे आणि तो एका पत्त्यावर दाखवता येतो.

मिकी हार्ट सप्टेंबर १९६७ मध्ये बँडचे दुसरे ड्रमर झाले. त्याच सुमारास त्यांची गाठ उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी पडली. पाश्चात्त्य ड्रमवादनात चारांच्या हिशेबात सगळे बसवण्याची सवय असते. आवर्तन अकरांचे, दहांचे किंवा सातांचेही असू शकते, आतले तुकडे कसेही पाडले तरी समेवर एकत्र येता येते, आणि हा हिशेब अंगात मुरल्यावरच खेळ सुरू होतो, हे हार्ट यांना तेथे उमगले. त्यांनी ते क्रॉइट्झमन यांच्याबरोबर घोटले. दोघे तासन्‌तास समोरासमोर बसून विषम मात्रांचा रियाज करत. बँडच्या १९६८-६९ च्या कार्यक्रमांत अकरा मात्रांची जी रचना येते ती याच मेहनतीचे फळ आहे.

आता तो पत्ता. उस्ताद अली अकबर खाँ यांनी १९६७ मध्ये बर्कलीला संगीत महाविद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी ते मरिन काउंटीत हलवले; आज ते सॅन राफेलमध्ये आहे. ग्रेटफुल डेडचे कार्यालय आणि तालमीची जागाही त्याच गावात होती. माहीमला वाढलेले झाकिर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे या महाविद्यालयात तबला शिकवू लागले. तेथील तालवाद्यांच्या विद्यार्थ्यांचा जो संच तयार झाला, त्यात हार्ट सामील झाले आणि त्यातून दिगा ऱ्हिदम बँड उभा राहिला. १९७६ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. हार्ट यांच्या नोव्हॅटोच्या वाडीवरच्या कोठारात तिचे काम झाले आणि गार्सिया तिच्यात गिटार वाजवून गेले. बँडचे नावच तबल्याच्या बोलांवरून आहे. त्यातल्या एका रचनेवर पुढे शब्द चढले आणि ती ग्रेटफुल डेडच्या अखेरच्या दिवसांपर्यंत वाजत राहिली. हजारो श्रोते ज्या ठेक्यावर स्टेडियममध्ये डोलत होते, त्याची मुळे सॅन राफेलच्या तबल्याच्या वर्गात आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ते ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

ही मैत्री पुढे पन्नास वर्षे टिकली. हार्ट, झाकिरभाई, विक्कू विनायकराम आणि आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील तालवादक यांच्या प्लॅनेट ड्रम या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेला जागतिक संगीताचे पहिलेवहिले ग्रॅमी मिळाले. झाकिरभाईंनी मुंबईशी नाते कधी तोडले नाही, पण घर मरिनमध्येच केले, आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी देह ठेवला. इथल्या वृद्ध रॉक वादकांनाही तो घरातला माणूस गेल्यासारखाच शोक होता.

जेरी गार्सिया यांच्या अस्थी भारतात विसर्जित झाल्या हे खरे आहे का?

होय. ९ ऑगस्ट १९९५ रोजी मरिनमध्ये त्यांचे निधन झाले. एप्रिल १९९६ मध्ये त्यांच्या पत्नी आणि बॉब वीअर यांनी अस्थींचा काही भाग हृषीकेश येथे गंगेत सोडला.

एवढी प्रसिद्धी मिळाल्यावरही ते स्थानिक वादक राहिले होते का?

राहिले होते, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या दौऱ्यावरून घरी परतल्यावर गार्सिया यांनी सुट्टी घेतली असे क्वचितच घडे. सोमवारी रात्री मॅट्रिक्ससारख्या क्लबात, नंतर कीस्टोन या नावाच्या सॅन फ्रान्सिस्को व बर्कलीच्या क्लबांत, ते शंभर-दोनशे लोकांसमोर वाजवत असत. या बैठकांत त्यांचे जोडीदार होते ऑर्गनवादक मर्ल सॉन्डर्स. ते सॅन फ्रान्सिस्कोचेच. जॅझ आणि ब्लूजमध्ये मुरलेल्या सॉन्डर्स यांच्याकडून गार्सिया जॅझची जुनी गाणी आणि त्यांतली स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड, शिकले. देशभर नाव झालेला माणूस आपल्याच गावात दर आठवड्याला शिकायला बसतो, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते.

या नात्याची कसोटी १९८६ मध्ये लागली. त्या जुलैत मधुमेहामुळे गार्सिया कोमात गेले. काही दिवसांनी शुद्धीवर आले तेव्हा त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. बोटे होती, पण कोठे काय आहे ही आठवण गेली होती. सॉन्डर्स त्यांच्या घरी जाऊ लागले. आधी थोडे चालणे, मग गिटार हातात, मग एखादे सोपे जुने गाणे, त्यातली एकच स्वरसंगती, ती बसली की पुढची. आपल्याला ज्या चिजा सॉन्डर्स यांनी पंधरा वर्षांपूर्वी शिकवल्या होत्या त्याच गार्सिया त्यांच्याकडून दुसऱ्यांदा शिकले. १५ डिसेंबर १९८६ रोजी ओकलंडच्या कोलिझियममध्ये ते पुन्हा बँडबरोबर उभे राहिले. कोलिझियममधल्या त्या रात्रीची सर्वत्र आठवण निघते, परंतु ती ज्यामुळे शक्य झाली ते काम एका स्थानिक साथीदाराने कोणी पाहत नसताना केले होते.

ध्वनीची भिंत म्हणजे काय?

२३ मार्च १९७४ रोजी डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये बँडने एक नवी ध्वनियंत्रणा लावली. सुमारे सहाशे स्पीकर वादकांच्या मागे भिंतीसारखे रचलेले होते आणि सगळे सामान सुमारे ७५ टनांचे होते. कल्पना साधी होती: श्रोत्यांना जे ऐकू येते तेच वादकांना ऐकू यावे. पण स्पीकर मागे असले की माइकमध्ये त्यांचाच आवाज शिरून शिटी वाजते. यावर तोडगा म्हणून प्रत्येक गायकासमोर एकावर एक असे दोन माइक उलट जोडणीने बसवले. दोन्हींत सारखाच शिरणारा आवाज एकमेकाला रद्द करे आणि गायक फक्त वरच्या माइकमध्ये गाई, म्हणून तेवढाच पुढे जाई. जुन्या छायाचित्रांत ओठ वरच्या माइकला अगदी चिकटलेले दिसतात ते त्यामुळे. ही यंत्रणा वाहून नेण्याचा खर्च मात्र झेपला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात पाच रात्री वाजवून बँडने काही काळ विश्रांती घेतली.

श्रोत्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांना एवढे महत्त्व का आहे?

कारण हे संगीत एकदाच घडते. श्रोते सुरुवातीपासूनच यंत्रे घेऊन येत होते आणि बँडने त्यांना हाकलले नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली कम्युनिटी थिएटरपासून तर त्यांच्यासाठी बसण्याची वेगळी जागाच राखून ठेवली. सभागृहातल्या ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे उंच काठ्यांचे रान उगवे आणि प्रत्येक काठीच्या टोकाला माइकची जोडी असे. नियम एकच होता: कॅसेट अदलाबदल करायची, विकायची नाही. आपल्याकडच्या जुन्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे हातोहात फिरत असत, तोच हा प्रकार. फरक इतकाच की येथे कलाकारांनी त्याला उघड मान्यता दिली. आज यातली हजारो ध्वनिमुद्रणे सॅन फ्रान्सिस्कोच्याच इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ऐकता येतात आणि बँडची कागदपत्रे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठाने जतन केली आहेत.

या संगीताबरोबर नशेचे नाव का जोडले जाते?

कारण नशा होती आणि तिने माणसे नेली. १९६५-६६ मध्ये ज्या मेळाव्यांत हा बँड घडला तेथे एलएसडी हे भास घडवणारे अमली द्रव्य सर्रास असे; ऑक्टोबर १९६६ पर्यंत कॅलिफोर्नियात त्यावर बंदीही नव्हती. पिगपेन दारूपायी खंगले आणि १९७३ मध्ये २७ व्या वर्षी गेले. की-बोर्डवादक ब्रेंट मिडलंड १९९० मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेले. गार्सिया यांचा अंत व्यसनमुक्ती केंद्रातच झाला, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. नशेमुळे संगीत चांगले झाले असे म्हणणाऱ्यांनी शेवटच्या वर्षांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. हात अडखळतात, शब्द विसरले जातात, ऐकवत नाही. याच श्रोत्यांमध्ये १९८० च्या दशकात व्हार्फ रॅट्स नावाचा व्यसनमुक्तांचा गटही उभा राहिला. पिवळ्या फुग्यांखाली मध्यंतरात त्यांची बैठक भरे, म्हणजे संगीत सोडायचे नाही आणि व्यसन तर धरायचे नाही अशा माणसाला गर्दीत सोबती मिळत.

गार्सिया यांच्यानंतर हे सगळे संपले नाही का?

बँड संपला, वाजवणे संपले नाही. फिल लेश यांच्यावर १९९८ मध्ये यकृत-प्रत्यारोपण झाले आणि त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी, अखेरच्या गाण्यापूर्वी, ते माइकपाशी येऊन आपल्याला यकृत देणाऱ्या तरुणाचे स्मरण करत आणि घरच्यांना अवयवदानाची इच्छा सांगून ठेवा अशी विनंती करत. वर्षानुवर्षे त्यांनी यात खंड पडू दिला नाही.

२०१२ मध्ये त्यांनी सॅन राफेलच्या कालव्याकाठी, पूर्वी माशांचे उपाहारगृह असलेल्या इमारतीत, टेरापिन क्रॉसरोड्स हे ठिकाण सुरू केले. एका बाजूला जेवणघर व बार, दुसऱ्या बाजूला छोटे सभागृह. सत्तरी ओलांडलेले लेश तेथे आपल्या मुलांबरोबर आणि परिसरातल्या तरुण वादकांबरोबर नेमाने वाजवत. कोणता तरुण वादक कोणाबरोबर चांगला जमतो हे तेथे कळत असे आणि त्यातून नवे बँड निघत. २०२१ च्या अखेरीस हे ठिकाण बंद झाले आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी लेश ८४ व्या वर्षी निवर्तले. मिल व्हॅलीचे स्वीटवॉटर म्युझिक हॉल, ज्याच्या २०१२ च्या पुनरारंभात वीअर यांचा वाटा होता, तेथे ही परंपरा चालू राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये बँडच्या साठीनिमित्त गोल्डन गेट पार्कमध्ये तीन दिवसांचा जो सोहळा झाला त्याला प्रचंड गर्दी होती. तरी पुढचा वादक तयार होतो तो छोट्या खोलीत, असे माझे ठाम मत आहे.

आज एखाद्या संध्याकाळी गेलो तर काय पाहायला मिळेल?

मरिनमधल्या एका लहान गावच्या बारमध्ये मी पाहिलेली एक संध्याकाळ सांगतो. चाळीसेक माणसे होती. गिटारवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. पायाजवळच्या पेडलांवर चिकटपट्टी लावून जाड पेनाने आकडे लिहिलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. की-बोर्डवर विशीतली मुलगी होती आणि ती या मंडळींबरोबर नवीन असावी, कारण मान खाली घालून फक्त स्वरसंगती भरत होती. गाणे मधल्या मोकळ्या भागात आले. गृहस्थ वाजवता वाजवता एका ठिकाणी थांबले, तार तळव्याने दाबून धरली आणि तिच्याकडे न पाहता बासवाल्याच्या खांद्याकडे पाहत राहिले. दोन आवर्तने नुसता ठेका चालला. तिसऱ्याला मुलीने चार स्वरांचा एक तुकडा टाकला. गृहस्थांनी तोच तुकडा गिटारवर परत दिला, शेवटचा स्वर बदलून. तिने मान वर केली. पुढची दहा मिनिटे ती पुढे होती आणि बाकीचे तिच्या मागे. मध्यंतरात मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की त्यांच्या तरुणपणी त्यांच्यासाठीही कोणीतरी असेच थांबले होते.

नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी?

बँडच्या लाइव्ह/डेड या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेपासून करावी, कारण ती घरच्याच सभागृहांत, फिलमोर वेस्ट आणि ॲव्हलॉन येथे, त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत मुद्रित झाली आहे. पहिली रचना तेवीस मिनिटांची आहे. तिच्यात ठेका शोधत बसू नये; आलाप ऐकतो तशी ती ऐकावी आणि लेश यांचा बास कोठे जातो इकडे लक्ष ठेवावे. त्यानंतर द इलेव्हन लावावी. तीन, तीन, तीन, दोन अशी बोटांवर अकरा मात्रांची मोजणी धरावी. पहिल्या काही आवर्तनांत सम हुकेल. दोन ड्रमर एकमेकांपासून दूर जाताना ऐकू आले तरी मोजणी सोडू नये. ते पहिल्या मात्रेवर बरोबर भेटतात.